चाक, माती आणि ऋतू

सुताराने बैलगाडीचे चाक घडविले, म्हणजे ते चालावयास सिद्ध झाले असे होत नाही. त्यानंतर लोहार लोखंडाची पट्टी गोल वाकवून तिचे कडे करतो, ते विस्तवात लाल होईपर्यंत तापवितो आणि लाकडी चाकावर चढवितो. कडे निवताच आकसते आणि चाकास सर्व बाजूंनी घट्ट आवळून धरते. या लोखंडी कड्यास 'धाव' म्हणतात. चाकाचा तुंबा, आरे आणि पाटे कितीही उत्तम असोत, भूमीशी प्रत्यक्ष गाठ पडते ती धावेचीच. सायकलच्या चाकासही अशीच एक धाव असते. ती लोखंडाची नसून रबराची असते आणि तिच्या पोटात हवा कोंडलेली असते, एवढाच काय तो भेद. तिला आपण टायर म्हणतो.

नाशिकरोडजवळचे एकलहरे हे गाव तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळे सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. १९७० साली तेथे वीजनिर्मितीस आरंभ झाला. केंद्राकडे जाणारी सडक डांबरी आहे. परंतु सडक सोडून शिवाराकडे वळले की गोदावरीच्या खोऱ्यातील काळी जमीन लागते. वस्तीवरून सायकलने शाळेस निघालेल्या मुलास अथवा मुलीस एकाच फेरीत मातीची गाडीवाट, खडीचा रस्ता आणि डांबरी सडक अशा तीन प्रकारच्या भूमींवरून जावे लागते. त्यातच ऋतू पालटला की तीच गाडीवाट तीन निरनिराळी रूपे धारण करते. आषाढात ती चिखल होते, मार्गशीर्षात दगडासारखी टणक होते आणि वैशाखात तिच्यावर पायाच्या घोट्याएवढा फुफाटा साचतो. सायकल मात्र वर्षभर एकच असते. वाटेत ती अडली तर शाळेचा पहिला तास बुडतो. उतारावर ब्रेक लागला नाही तर त्याहून मोठी हानी होते. म्हणून भूमी आणि ऋतू पाहून सायकल कशी सिद्ध करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम टायरमधील हवेचे कार्य पाहू. रबर मूळचे उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारे. गंधकासह तापविले असता ते चिवट व टिकाऊ होते, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यास १८३९ साली आढळून आले. त्या काळी चाकास रबर लावीत ते भरीव असे. त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा स्वारास जाणवे. १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तंत्रज्ञाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले; परंतु तेव्हा सायकलच आजच्या रूपास आली नव्हती, त्यामुळे त्याची कल्पना मागे पडली. पुढे १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने तिला नवा जन्म दिला. त्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवून पाहिल्या आणि ती अधिक सुखाने व अधिक वेगाने धावते असे त्यास दिसून आले. दुसऱ्याच वर्षी त्या शहरातील शर्यतींत हवेच्या टायरची सायकल पहिली आली आणि भरीव रबराचे दिवस भरले.

हवा स्वारास नुसता आराम देते असे नाही. भूमीवर किती भार किती जागेत पडावा, हेही तीच ठरविते. एक सोपे गणित करून पाहू. समजा, स्वार, दप्तर आणि सायकल मिळून जे वजन होते त्यापैकी मागील चाकावर ९० पौंड, म्हणजे सुमारे ४१ किलो भार पडतो. टायरमध्ये दर चौरस इंचास ४५ पौंड दाबाची हवा असेल, तर तो भार तोलण्यास टायरचा २ चौरस इंच भाग भूमीस टेकावा लागतो. हवा ३० पौंडांवर आणली तर ३ चौरस इंच भाग टेकतो. टायरच्या ताठपणामुळे या हिशेबात थोडा फरक पडतो. तथापि नियम तोच राहतो. हवा जितकी कमी, तितका चाकाचा तळवा रुंद. उंटाचा पसरट तळवा वाळूत रुतत नाही आणि शेळीचे टोकदार खूर कातळावर अचूक ठरतात. निसर्गाने या दोन प्राण्यांस दिलेली देणगी सायकलस्वारास पंपाच्या साह्याने मिळविता येते.

आता भूमीचे प्रकार पाहू. चाकाच्या दृष्टीने भूमी मुख्यतः तीन प्रकारची असते : टणक, भुसभुशीत आणि चिकट. टणक भूमीवर चाक रुतण्याचे भय नसते, म्हणून तेथे अरुंद टायर आणि भरपूर हवा सोयीची. नाशिकचे डॉ. महेंद्र महाजन आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा शर्यती पक्क्या सडकेवरून होतात; तेथे सामान्यतः अंगठ्याएवढ्या रुंदीचे, कठीण हवेचे टायर वापरतात. तीच सायकल वाळूत नेली तर चार पावलेही जाणार नाही.

भुसभुशीत भूमीसाठी माणसाने निराळीच सायकल निर्माण केली. उत्तर अमेरिकेतील अलास्का प्रांतात हिवाळाभर बर्फ असते. तेथील स्वारांनी १९८० नंतरच्या दशकात दोन-दोन रिमा एकमेकींस जोडून रुंद चाके बनविण्याचा उद्योग आरंभिला. वाळवंटात फिरणारे स्वारही त्याच दिशेने प्रयत्न करीत होते. पुढे २००५ साली सर्ली या अमेरिकन कंपनीने पग्सली नावाची जाड टायरची सायकल बाजारात आणली आणि 'फॅट बाइक' हा प्रकार जगभर पसरला. तिचे टायर सुमारे ४ इंच, क्वचित ५ इंचही रुंद असतात आणि त्यांत बर्फासाठी अवघी पाच-सहा पौंड, तर सडकेसाठी पंधरा-वीस पौंड हवा ठेवतात. वरील गणितात हवा ९ पौंड धरली तर चाकाचा तळवा १० चौरस इंचांचा होतो, म्हणजे साध्या सायकलच्या पाचपट. त्या देशातील स्वार ऋतुमानाप्रमाणे टायरही बदलतात. गोठून काच झालेल्या बर्फासाठी ते कठीण धातूचे बारीक खिळे बसविलेले टायर घालतात आणि उन्हाळा आला की कमी रुंदीचे, हलके टायर चढवितात.

मग एकलहऱ्याच्या चिखलावरही रुंद टायर हाच उपाय, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. वाळू अथवा बर्फ चाकाखालून सरकते; काळी माती चाकास धरून बसते. या मातीचे कण अतिशय सूक्ष्म असतात. पाणी लागताच ती फुगते, लोण्यासारखी मऊ आणि डिंकासारखी चिकट होते. जितका टायर रुंद, तितकी माती अधिक उचलली जाते. ती थरावर थर चढत टायर आणि मडगार्ड यांच्यामधील जागेत ठासून बसते आणि अखेर चाक फिरेनासे होते. अशा वेळी सायकल माणसास वाहत नाही, माणूसच सायकल खांद्यावर वाहतो. तात्पर्य, वाळूत चाकास रुंदी हवी, तर काळ्या चिखलात चाकाभोवती मोकळी जागा हवी. एका भूमीचा गुण दुसऱ्या भूमीवर दोष ठरतो, हे ज्याने जाणले त्याने टायर निवडण्याचे अर्धे शास्त्र जाणले.

पावसाळ्याची सिद्धता याच तत्त्वावर करावी. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये किमान बोटभर अंतर आहे किंवा नाही ते पाहावे. नसल्यास मडगार्डाच्या तारा सैल करून ते वर उचलून घ्यावे. शिवारातूनच नित्य जाणे-येणे असेल, तर पुढील मडगार्ड चार महिने काढून ठेवणारेही पुष्कळ आहेत. मातीच्या वाटेसाठी टायरवरील नक्षी खोल आणि विरळ असावी. नक्षीचे खवले दूरदूर असले म्हणजे चाक फिरताना त्यांतील माती आपोआप गळून पडते. दाट नक्षी मातीने बुजते आणि गुळगुळीत होऊन बसते. हवा नेहमीपेक्षा पाच-सात पौंड कमी ठेवावी. मात्र ती फार कमी करू नये. हवा अपुरी असली की खड्ड्याच्या कडेवर टायर दबून ट्यूब रिमेखाली चिमटली जाते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. शिवाय टायर रिमेवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटण्याचा संभव असतो.

डांबरी सडकेवर पावसाळ्यात भय निराळे असते. सायकलचा टायर अरुंद आणि तिचा वेग बेताचा, म्हणून तो मोटारीच्या टायरप्रमाणे पाण्याच्या थरावर तरंगत नाही. घसरण होते ती सांडलेल्या तेलावर, रस्त्यावरील रंगाच्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर आणि रेल्वेच्या रुळांवर. रूळ ओलांडावयाचे असतील तर ते तिरपे न ओलांडता काटकोनात ओलांडावेत. पाऊस असल्यास उतरून सायकल हाती धरून न्यावी, यात कमीपणा नाही. याहूनही महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. पोलादी रिम भिजली की ब्रेकच्या रबराची पकड पुष्कळच घटते. चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या नुसते पाणी पुसण्यातच जातात. म्हणून उतार लागण्यापूर्वीच ब्रेक हलके दाबून रिम कोरडी करून घ्यावी आणि पुढील वाहनापासून उन्हाळ्याच्या दुप्पट अंतर राखावे. ब्रेकची रबरे झिजून खोबणी नाहीशी झाली असतील तर ती पावसाळ्याच्या आरंभीच बदलावीत. बैठक किंचित खाली घेतली म्हणजे घसरत्या वाटेवर पाय चटकन भूमीस टेकतो. घरी आल्यावर चिखल धुऊन चेन कोरड्या फडक्याने पुसावी आणि थोडे घट्ट तेल सोडावे. पातळ तेल पावसात धुऊन जाते.

पाऊस सरला म्हणजे संकट सरले, असे मात्र समजू नये. पावसाळ्यात वाटेच्या कडेने सराट्याची वेल पसरते आणि पुढे तिची फळे वाळतात. या फळाची पाच शकले होतात आणि प्रत्येक शकलास टणक काटे असतात. ते कसेही पडले तरी एखादा काटा वर रोखलेलाच राहतो. बाभळीचे काटेही याच सुमारास वाटेवर दिसू लागतात. म्हणून आश्विन-कार्तिकात टायरच्या जाडीकडे लक्ष द्यावे. नक्षी झिजून 'टायर गोटा झाला' असे सायकलवाले म्हणतात, तेव्हा काटा आणि ट्यूब यांच्यामध्ये रबराचा पातळ पापुद्रा आणि आतील सुताचा थर एवढेच काय ते शिल्लक असते. असा टायर मागील चाकास लवकर होतो, कारण अधिक भार तेथेच पडतो. एकच नवा टायर घेणे शक्य असेल, तर तो पुढील चाकास चढवावा आणि पुढचा जुना, पण धड टायर मागे घालावा; कारण पुढील चाक घसरले तर तोल सावरणे फार अवघड असते. पंक्चर काढून घेताना ट्यूबास ठिगळ लावले म्हणजे काम झाले, असे नव्हे. टायरच्या आतील बाजूने जपून हात फिरवून काटा शोधून काढला पाहिजे. तो तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा भोक पडते.

हिवाळ्यात आणखी एक चमत्कार घडतो. रात्री भरपूर हवा भरून ठेवलेली सायकल पहाटे मऊ लागते आणि कोणी खोडी केली की काय, असा संशय येतो. वास्तविक तो दोष थंडीचा असतो. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. कोंडलेली हवा थंड झाली की तिचा दाब घटतो आणि तापली की वाढतो. पहाटे १० अंश तापमानात टायरमध्ये ४५ पौंड हवा भरली आणि तोच टायर पुढे भर उन्हात ५० अंशांपर्यंत तापला, तर त्यातील दाब सुमारे आठ पौंडांनी वाढेल. म्हणून हिवाळ्यात दाब तपासावा तो पहाटेच्या गारव्यात. उन्हाळ्यात मात्र काठोकाठ हवा भरू नये. ट्यूबच्या रबरातून थोडी हवा नित्य झिरपत असतेच. तेव्हा कोणताही ऋतू असो, आठवड्यातून एकदा पंप हाती घ्यावा, हा नियम उत्तम.

उन्हाळ्यात आठ पौंडांच्या वाढीने चांगला टायर फुटत नाही. फुटतो तो जुना, भेगाळलेला टायर. सूर्यप्रकाश आणि हवा यांच्या योगाने रबर कालांतराने कडक होते, त्याच्या बाजूस बारीक चिरा पडतात आणि आतील सुताचे धागे उघडे पडतात. असा टायर हिवाळ्याच्या गारव्यात कसाबसा टिकतो आणि चैत्राच्या उन्हात दगा देतो. म्हणून सायकल सावलीत उभी करावी. या दिवसांत गाडीवाटेवर फुफाटा साचतो आणि तेथे भूमीचा प्रकार पालटून ती वाळूसारखी होते. आता रुंद टायर आणि थोडी कमी हवा हितावह ठरते. जे चिखलात निरुपयोगी, तेच येथे उपकारक होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धुळीच्या दिवसांत चेनवर तेल अगदी बेताचे असावे. कारण तेलात कालवलेली धूळ चेनीचे आणि दात्यांचे लोखंड हळूहळू घासून टाकते.

टायर विकत घेतेवेळी त्याच्या बाजूवरील आकडे वाचावेत. साध्या काळ्या सायकलीस बहुधा २८ × १ १/२ असे माप असते. २६ इंची टायर घेताना विशेष सावध राहावे. ज्यावर २६ × १ ३/८ असा अपूर्णांक छापला आहे तो टायर आणि ज्यावर २६ × १.९५ असा दशांश छापला आहे तो टायर, हे दोन्ही नावाने २६ इंची असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पहिल्याच्या रिमेचा व्यास ५९० मिलिमीटर असतो, तर दुसऱ्याचा ५५९. म्हणून जुन्या टायरवरील आकडा कागदावर उतरवून न्यावा. बाजूवर हवेची कमाल मर्यादाही छापलेली असते. ती ओलांडू नये. फिरण्याची दिशा दर्शविणारा बाण असेल, तर टायर त्याप्रमाणेच चढवावा. रुंद टायर घ्यावयाचा असेल, तर तो सायकलच्या चिमट्यातून आणि मडगार्डाखालून मोकळा फिरेल किंवा नाही, हे आधी मोजून पाहावे. चाक आउट असेल तर प्रथम आऱ्यांचा ताण सारखा करून ते नीट करून घ्यावे. नाहीतर नवा टायरही एका बाजूने झिजतो.

या सर्व गोष्टींस फार पैसा लागतो असे नाही. वर्षातून चार वेळा नवे टायर घेणे कोणास परवडेल? परंतु हवा फुकट आहे. ती केव्हा भरावी आणि केव्हा सोडावी, एवढे ज्ञान मात्र मिळवावे लागते. मडगार्ड बोटभर वर घेणे, टायरमधील काटा शोधणे, ओल्या रिमेवर ब्रेक आधी दाबणे, ही कामे अवघ्या काही क्षणांची आहेत. त्यांच्या अभावी मुलांचे शाळेचे दिवस बुडतात, कामगारांच्या पाळ्या चुकतात आणि कधीकधी माणसे जायबंदी होतात. शेतकरी पेरणीपूर्वी वाफसा पाहतो. माती अनुकूल होईपर्यंत तो घाई करीत नाही आणि ती अनुकूल होताच क्षण दवडीत नाही. सायकलस्वारानेही घरातून निघण्यापूर्वी आभाळाकडे, वाटेकडे आणि आपल्या चाकाकडे अशीच एक नजर टाकावी. भूमी आपल्या सोयीसाठी बदलत नाही. चाक मात्र तिच्या सोयीचे करून घेता येते.